खेकड्याचे गोत्र

मराठी माणसाची आणि खेकड्याची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. कोळणीच्या टोपलीवर झाकण का नाही, असे कुणी तरी विचारतो आणि ती म्हणते, "झाकण कशाला? मराठी खेकडे आहेत. एक वर चढू लागला की बाकीचे त्याचा पाय धरून खाली ओढतात." ही गोष्ट मी बँकेतल्या निरोप-समारंभात ऐकली आहे, सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकली आहे आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना ऐकली आहे. प्रत्येक वेळी मंडळी मनापासून हसतात आणि हसून झाल्यावर शेजाऱ्याकडे जरा संशयाने पाहतात. मीही हसत आलो. पण या वर्षीच्या आषाढात कर्जतकडच्या एका ओढ्याकाठी दोन दिवस काढून आलो, आणि तेव्हापासून ही गोष्ट कुणी सांगू लागले की मला खेकड्याची बाजू घ्यावीशी वाटते. आमची ही म्हणते, निवृत्त माणसाला काही तरी लागतेच.

मी गेलो होतो तो खेकड्यांसाठी नव्हे, सातबाऱ्यासाठी. माझे आजोळ कर्जतपासून आत, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. मान वर केली की राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले ढगांतून डोकावताना दिसतात. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. कारण पुढे कळेल. आजोबांची तेथे भाताची चार खाचरे, त्यामागे वरकस डोंगरउतार आणि उतारावरून खळाळत येणारा एक ओढा. आईचा हिस्सा तिच्या मागे माझ्या आणि ताईच्या नावावर चढला. गेल्या उन्हाळ्यात मामेभाऊ अण्णाचा फोन आला. "बाळ्या, गिऱ्हाईक आलंय. उतार सपाट करून बंगले बांधणार, ओढा पाइपात घालणार. भाव असा पुन्हा यायचा नाही. पाडव्याच्या मुहूर्तावर खरेदीखत करू. तू आणि ताई एकदा येऊन जागा बघून जा."

ताईचे गुडघे धरलेले. तिने आपल्या वतीने मुलीला पाठवले. शुभा, माझी भाची, पुण्याला प्राणिशास्त्र शिकते. पाठीवर तिच्या उंचीची पिशवी, पायांत गुडघाभर बूट. डोंबिवलीला ती गाडीत चढली तेव्हा डब्यातल्या बायका तिच्याकडे पाहतच राहिल्या. बदलापूर मागे पडले, वांगणी, शेलू गेले. नेरळला माथेरानचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला होता. शुभाने खिडकीबाहेर हात काढून पावसाचा अंदाज घेतला आणि समाधानाने म्हणाली, "मामा, आज रात्री बाहेर पडतील ते."

"कोण?"

"खेकडे. तुम्हांला सातबारा बघायचाय, मला ओढा बघायचाय."

आता खेकडा म्हटले की मला आठवते ती हिरामावशी. आजोबांच्या शेतावर ती आणि तिचा नवरा राबत. आषाढाच्या रात्री डोक्यावर इरले, एका हातात टेंभा आणि दुसऱ्या हातात टोपली घेऊन ती ओढ्याला जाई, आणि मामीच्या नकळत मी तिच्यामागून. खेकडा पाठीमागून दोन बोटांत कसा धरायचा हे मला तिनेच शिकवले. एकदा मी एकट्याने एक चांगला थोरला खेकडा पकडला आणि फुशारकीने तिच्यापुढे धरला. तिने तो उलटा केला. पोटाखालचे रुंद झाकण जरासे उचलले. आत मुगाच्या दाण्याएवढे खेकडेच खेकडे चिकटून बसलेले! तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी शरमलो. "पोरं हायती पोटाशी," ती म्हणाली. "जिथनं उचललीस तिथं ठेवून ये." अंधारात, भर पावसात, रडत रडत मी ती त्याच दगडाखाली ठेवून आलो. त्या वेळी मला ती एका बाईची दया वाटली होती. त्यामागे केवढी मोठी गोष्ट दडलेली होती, ते पन्नास वर्षांनी भाचीकडून कळायचे होते.

संध्याकाळी वहिनींच्या हातची पिठले-भाकरी जेवून आम्ही विजेऱ्या घेऊन निघालो. अण्णा ओटीवर बसून राहिला. "साप-किरडू बघा," एवढे म्हणाला. पाऊस बारीक लागलेला. रानाचा वास, बेडकांचा कोलाहल, आणि पायाखाली सतत वाहणारे पाणी. उताराच्या कडेला मातीत वीत-वीतभर अंतरावर बिळे होती. शुभाने एकाएकी माझा दंड धरला. विजेरीच्या झोतात, ओल्या पाचोळ्यावर तो बसला होता. पाठ जांभळट तपकिरी, जणू पिकलेल्या करवंदाचा रस फासलेला. आणि एक नांगी केवढी थोरली, हस्तिदंतासारखी पांढरी. पाण्यात नव्हता तो. पाण्यापासून चांगला दहा हात दूर, जमिनीवर, रात्रीचा फेरफटका मारायला निघालेल्या पेन्शनरासारखा.

"गेकार्सिन्युकस जॅकमॉन्टाय," शुभा कुजबुजली.

एवढ्याशा जिवाला एवढे नाव! मी म्हटले, ह्याला स्वतःला हे ठाऊक आहे का? पण त्या रात्री ओटीवर, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर, शुभाने त्या नावाची जी कहाणी सांगितली, ती ऐकल्यापासून मला त्याचे हसू येईनासे झाले आहे.

व्हिक्टर जॅकमाँ नावाचा एक फ्रेंच तरुण होता. पॅरिसच्या प्रसिद्ध वनस्पती-उद्यानाने, म्हणजे तिथल्या निसर्गविज्ञान-संग्रहालयाने, त्याला हिंदुस्थानातले प्राणी, झाडे आणि दगड गोळा करायला धाडले. १८२९ साली तो कलकत्त्याला उतरला. हिमालय, पंजाब, काश्मीर पाहिले, आणि १८३२ साली दक्षिणेकडे वळून पुण्याला आला. तेथून घाट उतरून मुंबईकडे. साष्टीच्या रानांत हिंडताना त्याला दुखणे जडले. यकृताचा विकार होता. ७ डिसेंबर १८३२ रोजी तो मुंबईत वारला. वय अवघे एकतीस! त्याची घरी लिहिलेली पत्रे पुढे छापून निघाली आणि फार गाजली. त्याने जमवलेल्या वस्तूंच्या पेट्या समुद्रमार्गे पॅरिसला गेल्या. तो स्वतः मात्र मुंबईच्या मातीतच राहिला, आणि १८८१ साली त्याचे अवशेष मायदेशी नेण्यात आले.

त्या पेट्यांत हा आमचा पांढऱ्या नांगीचा होता. पॅरिसमध्ये आंरी मिल्न-एदवार्स नावाचे कवचधारी प्राण्यांचे थोर जाणकार होते. त्यांनी तो पाहिला. हा गडी जमिनीवर राहणारा दिसतो, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेकडच्या उष्ण किनाऱ्यांवर जमिनीवर राहणारे खेकडे आहेत. त्यांच्या वंशाला 'गेकार्सिनस' म्हणतात. ग्रीक भाषेत 'गे' म्हणजे भूमी आणि 'कार्किनोस' म्हणजे खेकडा. आपल्या संस्कृतातला कर्कट आणि पंचांगातली कर्क रास ही त्या 'कार्किनोस'ची सख्खी भावंडे. तेव्हा त्या अमेरिकन नावाला जरासे शेपूट जोडून त्यांनी नवा वंश केला, 'गेकार्सिन्युकस', आणि त्यापुढे मेलेल्या तरुणाचे नाव लावले. हे १८४४ साली छापून आले. ज्याने खेकडा पाहिला तो नाव वाचायला नव्हता, आणि ज्याने नाव ठेवले त्याने तो ओढा कधी पाहिला नव्हता!

"पण मौज अशी," शुभा म्हणाली, "की नावातलं ते साम्य नुसतं वरवरचं आहे. अमेरिकेतला तो जमिनीवर राहतो खरा, पण अंडी सोडायला त्याला समुद्रावर जावंच लागतं. पिलं समुद्रात वाढतात. आपला हा समुद्राचं तोंडही बघत नाही. म्हणजे आडनाव सारखं, पण गोत्र निराळं."

आडनावावरून गोत्र ठरवू नये, हे आमच्या ओळखीच्या वधूवर-सूचक मंडळाच्या चालकांनाही एकदा कळले होते. पण तो विषय वेगळा.

आता हे गोत्र ठरवायचे कसे? माणसाला विचारता येते, खेकड्याला येत नाही. तेव्हा शास्त्रज्ञ त्याचे अवयव तपासतात. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक असलेले डॉक्टर आल्फ्रेड अल्कॉक यांनी हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची मोठी यादी १९१० साली प्रसिद्ध केली. त्यांनी भर दिला तो जबड्यावरच्या एका बारीकशा बोटासारख्या अवयवावर. त्याचे टोक साधे आहे की दुभंगलेले, यावरून त्यांनी दोन गट पाडले. पुढे फ्रँकफर्टचे रिशार्ड बॉट आले. त्यांनी १९७० साली सगळी मांडणी पुन्हा तपासली. त्यांचा भर नराच्या पोटाखाली झाकलेल्या अवयवांच्या पहिल्या जोडीवर. बाहेरून दोन खेकडे जुळ्या भावांसारखे दिसोत, ही जोडी निराळ्या घडणीची असली की जात निराळी. आजही खेकड्याची ओळख पटवताना आधी तिच्याकडेच पाहतात.

या साऱ्यात एक बाई होत्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या मेरी जेन रॅथबन. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा त्यांनी पॅरिसच्या संग्रहालयासाठी प्रचंड अभ्यास केला, आणि १९०४ साली आपल्या या सह्याद्रीतल्या खेकड्यावरून एका अख्ख्या कुळाला नाव दिले, 'गेकार्सिन्युसिडे'. त्याच बाईंनी पुढे १९१४ साली पगार सोडला. कशासाठी, तर त्या पैशांत संस्थेला एक मदतनीस नेमता यावा म्हणून! स्वतः मात्र बिनपगारी काम करीत राहिल्या. आज हिंदुस्थान, श्रीलंका, मलाया, इंडोनेशिया, न्यू गिनी इथपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे शेकडो गोड्या पाण्यातले खेकडे या कुळात मोडतात. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या नदीतला खेकडाही जे कुळनाव लावतो ते आमच्या आजोळच्या ओढ्यातल्या जातभाईचे! मी उठून पुन्हा एकदा ओढ्याच्या दिशेने पाहिले. अंधारात काही दिसले नाही, पण छाती जराशी फुगली.

"आणि हे सगळे मूळचे कुठले?" मी विचारले. आपल्याकडे माणूस भेटला की नावानंतर हा प्रश्न येतोच.

शुभा म्हणाली, तोच तर खरा अवघड प्रश्न. आणि इथे हिरामावशीची ती पोटाशी पोरे असलेली खेकडी पुन्हा येते. समुद्रातला खेकडा लाखोंनी अंडी घालतो. अंड्यातून निघते ते खेकड्यासारखे दिसतच नाही. एक काटेरी, डोळेबाज ठिपका पाण्यावर तरंगत निघतो, आणि प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जाऊन मग त्याचा खेकडा होतो. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनी ही पायरीच गाळली. अंडी थोडी, पण मोठी. त्यांतून थेट चिमुकला खेकडाच बाहेर येतो. तो स्वतःच्या पायांवर उभा राहण्याजोगा होईपर्यंत आई त्याला पोटाच्या झाकणाखाली घेऊन हिंडते. सुरक्षित खरे, पण त्यामुळे तरंगत लांब जाणे संपले. आई जेवढी चालेल तेवढेच त्यांचे जग. मध्ये समुद्र आला, उजाड पठार आले, उंच कडा आला, की वाट बंद.

अशा प्राण्याचे कूळ हिंदुस्थानातही आणि पार मलायातही, मग मध्ये एवढा समुद्र असताना ते पोचले कसे? आधी वाटे की आपला देश आफ्रिकेला आणि अंटार्क्टिकाला जोडलेला होता त्या पुरातन काळापासून हे इथे असतील. २०१० साली सेबास्टियन क्लाउस आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी या कुळातल्या अनेक खेकड्यांचे जनुकीय द्रव्य ताडून पाहिले. दोन पोथ्यांत पाठभेद किती, यावरून त्या एकमेकींपासून केव्हा निराळ्या झाल्या ते पंडित जसे ताडतात, तसाच हा प्रकार. निष्कर्ष असा निघाला की हे कूळ तेवढे पुरातन नाही. परंतु आपल्या पांढऱ्या नांगीच्या खेकड्याची जी पोटशाखा, ती हिंदुस्थानच्या भूमीवरच निपजली आणि इथून पूर्वेकडे आग्नेय आशियात गेली. केव्हा? सुमारे पावणेपाच ते पावणेचार कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, म्हणजे हिंदुस्थान तिबेटच्या बाजूला पुरता जाऊन भिडण्याच्याही आधी. याचा अर्थ, उत्तरेकडे सरकत असताना आपला देश आग्नेय आशियाच्या इतका जवळून गेला असला पाहिजे की गोड्या पाण्यातल्या प्राण्याला इकडून तिकडे जाता यावे. जमिनीचा प्रवास दगडांवरून ताडतात हे ऐकले होते. इथे ती साक्ष खेकड्याने दिली.

अण्णा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "साक्ष दिली ते ठीक. पण बांध फोडतो त्याचं काय? खाचरात पाणी ठरत नाही. रात्री भोक पाडतो, सकाळी खाचर कोरडं."

अण्णाचे म्हणणे खोटे नव्हे. ज्याने भात लावला आहे त्यालाच ते दुःख कळते. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, माणसे वाहून गेली, आणि मंत्रालयातून दोष दिला गेला तो खेकड्यांना, हेही अण्णा विसरला नव्हता. तोच हसून म्हणाला, "बांध फोडतो म्हटलं मी. धरण नाही म्हटलं."

सकाळी आम्ही हिरामावशीकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढची. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाजावरून तिने मला ओळखले. "बाळ का रं? रडका?" एवढ्यात पन्नास वर्षे नाहीशी झाली. शुभा तिच्यापुढे फतकल मारून बसली आणि विचारू लागली, आजी, तुमच्या ओढ्याला खेकडे किती तऱ्हेचे?

मावशीने बोटे मोजली. "एक शेतातला. काळपट. बांध पोखरतो. त्याचं कालवण चांगलं. पाय वरवंट्यानं ठेचायचे, रस गाळून घ्यायचा. दुसरा रानातला, पांढऱ्या नांगीचा. पहिल्या पावसाला निघतो, माणसावानी जमिनीवर चालतो. आणि तिसरी ती बारकी, दगडातली. धबधब्याच्या अंगाला. तिला कोण खाईल पोरी? दाताला लागायची नाही."

शुभाने वहीत तीन ओळी लिहिल्या आणि वही माझ्यापुढे धरली. पहिल्या ओळीपुढे तिने लिहिले होते, 'बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस'. हा दख्खनच्या पठारावरचा खेकडा. मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी जमवायला नेमलेल्या कर्नल साइक्स यांनी तो गोळा केला, आणि १८३६ साली लंडनच्या वेस्टवुड यांनी त्याचे बारसे केले. नावाचा अर्थ सशासारखा बिळात राहणारा. त्याच्याही आधी, १८२५ साली, बिशप हेबर मुंबईहून पुण्याकडे आले तेव्हा त्यांना दख्खनच्या गवताळ माळावर खेकडे गवत कापून, आपल्याएवढा भारा घेऊन तिरके तिरके बिळाकडे पळताना दिसले, आणि त्यांनी ते मोठ्या कौतुकाने रोजनिशीत लिहून ठेवले. दुसऱ्या ओळीपुढे जॅकमाँचा. तिसऱ्या ओळीपुढे फक्त प्रश्नचिन्ह.

लंडन, पॅरिस, वॉशिंग्टन, कलकत्ता आणि फ्रँकफर्ट यांनी मिळून शंभर-दीडशे वर्षांत जे कप्पे पाडले, ते हिरामावशीच्या बोटांवर होते. फरक एवढाच की तिच्या बोटांवरचे कुणी छापले नव्हते.

दुपारी पाऊस जरा ओसरला तेव्हा आम्ही तिसरीला शोधायला ओढ्याने वर चढलो. वाटेत शुभाने जे सांगितले त्याने माझी दमछाक मी विसरलो. सह्याद्रीतल्या खेकड्यांची नावे परदेशात ठेवली जात, तो काळ आता मागे पडला आहे. प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात समीरकुमार पती आणि आर. एम. शर्मा यांनी २०१४ साली उत्तर सह्याद्रीतल्या ओहोळांमधून एक नवा वंशच वेगळा काढला. नाव 'घाटियाना', आपल्या घाटावरून! २०१६ साली आणखी पाच नव्या जाती निघाल्या. २०१८ साली पती आणि तेजस ठाकरे यांनी एकदम अकरा नव्या जाती आणि एक नवा वंश जाहीर केला, 'सह्याद्रियाना'. कुणी नारिंगी, कुणी जांभळा. आपण सहलीला जाऊन जेथे कणीस भाजून खातो त्या घाटांतच हे सारे बसलेले होते. जगभर गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या तेराशेहून अधिक जाती ठाऊक आहेत, आणि त्यांत दर वर्षी भर पडतेच आहे.

"पांढऱ्या नांगीचा तसा बऱ्याच ठिकाणी आहे," शुभा म्हणाली. "मुंबईत बोरिवलीच्या रानातसुद्धा. त्याची एवढी काळजी नाही. पण ह्या बारक्यांतल्या काहींना एखादं पठार, एखादा घाट, एवढंच घर. आई पोटाशी धरून किती लांब नेणार? ते पठार गेलं की ती जात गेली. मागे दुसरी शाखा नाही."

ती सापडली धबधब्याच्या अंगाला, मावशीने सांगितले होते तेथेच. शेवाळलेल्या कातळाच्या फटीत, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. पाठ विटकरी, पाय फिकट. शुभाने श्वास रोखून तिला दोन बोटांत उचलले, उलटी केली, आणि तिचा चेहरा उतरला. पोटाचे झाकण रुंद होते, म्हणजे मादी. झाकणाखाली मोहरीएवढी पोरे.

"काय झालं?"

"मामा, मादीवरून खात्रीनं सांगता येत नाही. नर लागतो, पूर्ण वाढलेला. ही आधीच नाव मिळालेल्यांपैकी असेल, किंवा नसेलही." तिने छायाचित्रे काढली आणि मी काही म्हणायच्या आत तिला त्याच फटीत, त्याच जागी ठेवले. तिला कुणी शिकवले होते न कळे. हिरामावशीने तर नाही. पाऊस पुन्हा धरला आणि ओढा गढूळ होऊन फुगला. अंधार पडेपर्यंत आम्ही दगड चाचपत राहिलो. नर मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा. म्हणजे आता पुढचा पावसाळा.

तो कातळ, ती फट आणि तो धबधबा नेमका त्याच उतारावर आहे जो सपाट व्हायचा आहे. गावाचे नाव मी का देत नाही ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. नाव कळले की हौशी माणसे बरण्या घेऊन येतात, आणि जागा विकणारा व विकत घेणारा दोघेही सावध होतात.

रात्री जेवणे झाल्यावर मी अण्णाकडे विषय काढला. म्हटले, "अण्णा, एक पावसाळा थांबता येईल का?"

"कशासाठी?"

मी सांगितले. सांगताना माझे मलाच ते हास्यास्पद वाटत होते. अंगठ्याच्या पेराएवढी एक खेकडी, जिचे नाव कुणाला माहीत नाही, जिला कुणी खातही नाही. अण्णा शांतपणे ऐकत राहिला. त्याला धाकट्याचे शिक्षण उरकायचे आहे. घराची कौले यंदा गळत आहेत. ओटीवरची बादली मी स्वतः दोनदा ओतली होती. शेती करायला माणूस मिळत नाही. मला पेन्शन आहे, डोंबिवलीला जागा आहे. एक पावसाळा थांबायला मला काय लागते? गिऱ्हाईक थांबेलच असे नाही. हे सगळे त्याने बोलून दाखवले नाही, पण पानाला चुना लावता लावता तो जे म्हणाला त्यात ते सारे आले.

"म्हणजे मी जरा वर चढायला लागलो, आणि तू खालनं पाय धरलास. खेकड्याची गोष्ट खरी रे बाळ्या."

वहिनी हसल्या. मीही हसलो. पण झोप लागेना. अण्णाचे काही चुकले नव्हते. माझ्या चांगुलपणाची किंमत त्याने का मोजावी? शेवटी पहाटे अंथरुणातच हिशेब मांडला. सकाळी निघताना त्याला म्हटले, "माझा हिस्सा उतारावरचा घे. ओढा, कातळ आणि त्याच्या दोन्ही अंगांची जागा माझ्या नावावर काढ. खालची खाचरं आणि रस्त्याकडचा सपाट तुकडा तू विक. भाव रस्त्याकडच्यालाच आहे. ताईशी मी बोलतो." अण्णाने माझ्याकडे पाहिले. व्यवहारात मला काही कळत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. "मोजणी आणावी लागेल," एवढेच म्हणाला. गिऱ्हाईकाला ओढ्याविना जागा चालेल की नाही, हे अजून ठरायचे आहे. पाडवा तोंडावर आला आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कदाचित मी तहसील कचेरीच्या बाकावर बसलेला असेन.

गाडीत शुभा झोपी गेली. मी टोपलीतल्या खेकड्यांचा विचार करीत होतो. एकमेकांचे पाय ते धरतात ते खरे असेल. टोपलीत कोंडल्यावर कोण काय धरील, सांगता येत नाही. पण टोपलीच्या बाहेर, ओढ्यात, मी पाहिलेला खेकडा काही निराळाच होता. ज्या जिवाला आपल्या दगडापलीकडे जाता येत नाही, तो आपली सगळी पोरे पोटाशी धरून पावसात उभा होता. गोष्ट सांगायचीच तर ह्या दोन्ही सांगाव्यात, असे मला वाटते. निदान यंदाच्या वार्षिक सभेत मी तसे सुचवणार आहे.